जातो म्हणू नये

नागभीडच्या आठवडी बाजारात मासळीच्या रांगेत देवकाबाईची टोपली कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिथून गिऱ्हाईक निघता निघता परत फिरलेलं दिसेल, ती देवकाबाईची. माणूस झिंगे घेतो, पिशवीला गाठ मारतो, "बरं बाई, जातो मी," म्हणतो, आणि दोन पावलं टाकतो न टाकतो तोच देवकाबाई टोपली ओलांडून त्याच्या पुढ्यात उभी.

"काय म्हटलं गा भाऊ?"

"काई नाई. जातो म्हटलं."

"इकडं ये. बस. पानी पे. मंग येतो म्हन आन् जाय."

नवखा असला की तो आजूबाजूला बघतो. शेजारच्या मासळीवाल्या बायका हसत असतात, पण त्यातली एकही त्याला सोडवत नाही. उलट म्हणतात, "पेऊन टाक भाऊ, नाई तं घरवरी येईन ते तुह्या मागं." मग तो गोणपाटावर टेकतो, तांब्यातलं घोटभर पाणी पितो, "येतो बाई" म्हणतो आणि सुटतो. जुन्या गिऱ्हाइकांना हे पाठ आहे. काही जण तर उन्हाळ्यात मुद्दाम "जातो" म्हणतात. फुकट थंड पाणी मिळतं.

देवकाबाईचं गाव मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या वेळच्या तलावाच्या, पाळीला लागून आहे. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि ह्या गावाचं सगळं त्या पाळीवरच चालतं. जाळी तिथेच वाळतात, भांडणं तिथेच होतात, सोयरिकी तिथेच जुळतात. देवकाबाईचा नवरा मनसाराम गावच्या मच्छीमार सोसायटीचा जुना सभासद. अंगानं काटकुळा, स्वभावानं थट्टेखोर. बायकोच्या बोलण्याच्या नेमांवर त्यानं आयुष्यभर टिंगल केली आणि आयुष्यभर ते नेम पाळले.

नेम काही एक-दोन नव्हते. देवकाबाईच्या घरात कुठलीच वस्तू संपत नाही. तांदूळ वाढतात, तेल वाढतं, मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा कुणी विझवत नाही, त्याला निरोप देतात. दारी कुणी मागायला आला आणि पदरात घालायला काही नसलं, तर "नाही" म्हणायचं नाही, "पुढचं घर पाय बाबा" म्हणायचं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, तो लांबडं. आणि मोहाच्या दिवसांत जंगलात फुलं वेचायला गेलं की वाघाचं नाव तर अजिबातच नाही, तो बुवा. तसं हे सगळं आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी थोडंफार असतं. पण आपण कधी म्हणतो, कधी विसरतो. देवकाबाई विसरत नाही आणि दुसऱ्याला विसरू देत नाही, एवढाच फरक.

"आपल्या घरी सारं वाढतेच," मनसाराम पाळीवर बसून सांगे. "तांदूळ वाढले, तेल वाढलं, साखर वाढली. मी तेवढा वाळून राह्यलो."

ह्या नेमांत एक अडचण होती. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हाही देवकाबाईचाच नेम. मग "जातो" म्हणून निघालेल्याला परत आणायचं कसं? तर धावत जायचं, त्याला मागे टाकायचं, आणि समोरून अडवायचं. त्यामुळे साठीला टेकलेल्या ह्या बाईला गावानं नेहमी पळतानाच पाहिलं आहे. एकदा शेजारच्या चैतूच्या लेकीचं लग्न लागलं, वरात ट्रॅक्टरवर चढली, आणि नवरदेवाच्या काकानं वरून हात हलवून "चाला, जातो आमी" अशी आरोळी दिली. ट्रॅक्टर रस्त्यानं वळसा घेऊन जाणार, देवकाबाई पाळीवरून आडवी. पाळ संपते तिथे ती लुगडं खोचून ट्रॅक्टरसमोर उभी राहिली, हातात तांब्या. सगळी वरात खाली उतरवून तिनं घोटघोट पाणी पाजलं. काका तणतणत होता, पण प्यायला. त्या पोरीचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला, आणि त्याचं निम्मं श्रेय देवकाबाई आजही आपल्या तांब्याला देते.

हे वेड तिला लागलं कुठून, ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते हसले तरी बेतानं हसतात. देवकाबाई लहान असताना तिची थोरली बहीण कमळा मिरची तोडायला तेलंगणात गेली. दरवर्षी ह्या भागातल्या बाया जायच्या, अजूनही जातात, आणि निघताना त्याही पुरुषांसारखं 'जातो'च म्हणतात. गाडी आली, भोंगा वाजला, कमळेनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घाईघाईत दारातून म्हटलं, "जातो वो देवके." देवका भाकर खात होती. तिनं मान हलवली आणि खात राहिली. कमळेला तिकडे ताप आला आणि तिची माती तिकडेच झाली. घरी आलं ते फक्त गाठोडं.

"मले का समजत नाई का?" देवकाबाई कधीमधी म्हणते. "तापानं मेली ते. बोलल्यानं कोनी मरत नाई. पन तिचं तेवढंच माह्या कानात राह्यलं. येतो म्हटली असती तं तेच राह्यलं असतं."

मनसारामही इथे थट्टा करत नाही.

तिचा एकुलता एक मुलगा प्रफुल सोसायटीच्या कामासाठी छोटी मालगाडी चालवतो. तलावात सोडायची मासोळीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, आणायला तो लांब मुलचेऱ्याकडे जाऊ लागला. तिकडे बंगाली वसाहतीची गावं आहेत आणि मासोळीची पिल्लं वाढवण्यात त्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही. सुबल मंडल नावाच्या एका माणसाच्या शेततळ्यातून प्रफुल बोटुकली आणायचा. दोन हंगाम बोटुकली आली, तिसऱ्या हंगामात त्यानं घरी सांगितलं की सुबलच्या मुलीशी, शिउलीशी, लग्न करायचं म्हणतो.

देवकाबाईचा जीव थोडा झाला. परक्या बोलीची पोर घरात आली तर आपलं बोलणं तिला काय कळणार, ही तिची पहिली काळजी. जात-गोत नंतर. मनसारामनं समजूत घातली, "तेबी पान्यावरचे, आपुनबी पान्यावरचे. मासोळी कापता येते ना पोरीले? बस झालं." लग्न झालं. सुबलची बायको अंजना लग्नात सारखी डोळे पुसत होती आणि देवकाबाईचा हात धरून आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती. देवकाबाई "हो बाई, हो बाई" म्हणत होती. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळलं नव्हतं.

शिउली कामाला वाघीण होती. विळीवर मरळ अशी सोलायची की मनसाराम काम टाकून बघत बसे. मोहरी वाटून केलेलं तिचं कालवण पहिल्यांदा खाल्लं तेव्हा देवकाबाईच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "ते झोंबनारं आज नाई केलं का?" पण पोर बोलायची मोजकं. मराठी तिनं शाळेत शिकलेली, पुस्तकातली. सासूला तर ती कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची.

आणि बोलायची ते सरळ. "तांदूळ संपले." "बांगडी फुटली." "दिवा विझवू का?" देवकाबाईच्या काळजात दरवेळी काटा रुतायचा. पहिले काही दिवस तिनं जीभ चावली, मग सांगायला लागली, "संपले नाई म्हनत पोरी, वाढले म्हन." शिउली मान हलवायची. आठवलं तर म्हणायची, नाहीतर नुसता रिकामा डबा आणून दाखवायची. दारातून बाहेर पडताना मात्र तिनं एकच युक्ती काढली होती. काही न बोलता निघून जायचं. चूक होण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं तिला वाटत असावं.

शिउलीला नर्स व्हायचं होतं. लग्नाआधीपासून मनात होतं, प्रफुलनंही शब्द दिला होता. ब्रह्मपुरीला नर्सिंगच्या एका शाळेत प्रवेशाचा बोलावा आला. घरात सगळ्यांना आनंद झाला. देवकाबाईनं तर बाजारात सांगून टाकलं की आता माझ्या सुनेकडून सुई टोचून घ्यायची तयारी ठेवा.

त्या सकाळी प्रफुल गाडी घेऊन पहाटेच माल पोचवायला गेला होता. गावातून सकाळची एसटी एकच. शिउलीनं धुतलेला ड्रेस घातला, कागदांची पिशवी घेतली, देवापुढे हात जोडले. पाळीपलीकडे एसटीचा आवाज आला तशी ती दारातून धावत सुटली, आणि त्या गडबडीत, कधी नव्हे ती, तोंडानं बोलली.

"मी जाते, गाडी आली."

देवकाबाई चुलीपाशी होती. कानावर शब्द पडला आणि तिचे पाय आपसूक उठले. मागच्या दारानं, आडव्या वाटेनं, पाळीवरून. एसटी थांब्यावर उभी आणि शिउली चार हातांवर, तेवढ्यात सासू समोर.

"अशा कामाले जातो म्हनून जातेत का? घरी चाल. पानी पे. मंग बस गाडीत."

"गाडी सुटेल."

"नाई सुटत. माह्या वळखीचा हाय डायवर. चाल."

शिउलीनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा सासूकडे. सासूचं मन मोडायचं नाही, असं तिला तिच्या आईनं सांगून पाठवलं होतं. ती मागे फिरली. उंबऱ्याच्या आत आली, बसली, पाणी प्यायली, "येते" म्हणाली. बाहेर आली तेव्हा थांब्यावर धूळ तेवढी होती. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, त्या दिवशी दुसराच आला होता.

मग एका ट्रॅक्टरवर, मग एका जीपमध्ये लटकून ती ब्रह्मपुरीला पोचली. जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी या, म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली, मासोळी साफ केली, भात रांधला, सगळ्यांना वाढलं. एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. देवकाबाईनं तिच्या पानात मासोळीचं मोठं खांड घातलं, तिनं ते प्रफुलच्या पानात सरकवलं. प्रफुल आईकडे बघेना. मनसारामनं एकदा हसवायला काहीतरी काढलं, आणि आपलंच हसू गिळून पाळीवर जाऊन बसला.

आठवडाभरात सुबल आला. शिउलीनं त्याला फोन केला होता. काही दिवस घेऊन जातो, असं तो हात जोडून म्हणाला. काही दिवस म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शिउलीनं पिशवी उचलली. सासऱ्याच्या पाया पडली, सासूच्या पाया पडली. उंबऱ्यात थांबली, वळली, देवकाबाईच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ, सावकाश म्हटलं, "जाते मी."

देवकाबाईला कळलं. आज घाई नव्हती, गडबड नव्हती. पोरीला शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक होता आणि ठाऊक असूनच तिनं तो शब्द वापरला होता. आता धावायला हवं होतं. आडवी वाट मोकळी होती, तांब्या हाताशी होता. पण कोणत्या तोंडानं धावणार? ह्याच धावण्यानं पोरीचं वर्ष गेलं होतं. देवकाबाई खांबाला धरून उभी राहिली, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा तिच्या दारातून कुणीतरी "जातो" म्हणून तसंच निघून गेलं.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. बाजारात गिऱ्हाईक "जातो" म्हणून जाऊ लागलं आणि ती बसल्या जागची हालेना. रांगेतल्या बायकांना चुकल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तर दोनदा "जातो बाई" म्हणून बघितलं आणि पाणी न पिताच बिचारा गेला. घरी प्रफुल फोनवर बोले, शिउली ठीक आहे, म्हणे. "कधी येतो म्हनते?" असं देवकाबाई विचारी. प्रफुल फोन खिशात घालून बाहेर जाई.

एका सकाळी मनसाराम उठून बघतो तर बायको नवं लुगडं नेसून, माठातलं पाणी एका बाटलीत भरत होती.

"कुठी निघाली वो?"

"मुलचेऱ्याले."

"आन् पानी काऊन? तिकडं पानी भेटत नाई का?"

"ह्या घरून जातो म्हनून गेली ते. तं ह्या घरचंच पानी लागन." देवकाबाईनं बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. "तिले आनाले नाई जात मी. राह्यचं असन तं राहू दे तिथी. पन ते शब्द तसाच नाई ठेवत. एक घोट पेली आन् येतो म्हटली का मी परत."

मनसाराम तिला थांब्यापर्यंत सोडायला गेला. एसटीत चढताना फक्त म्हणाला, "म्हन."

"येतो," देवकाबाई म्हणाली.

आयुष्यात ती नागभीडच्या पलीकडे फार गेलेली नव्हती. गडचिरोलीला गाडी बदलायची होती. तिथल्या स्टँडवर ती बाटली पोटाशी धरून बसली. शेजारी एक म्हातारी बसली होती, कलाबाई नावाची, कुठल्याशा जंगलातल्या गावची. दवाखान्यातून आली होती, ओठ सुकलेले. तिनं बाटलीकडे बघितलं.

"बाई, घोटभर देतं का?"

देवकाबाई पेचात पडली. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा नेम तिचाच. आणि हे पाणी दुसऱ्या कुणाचं होतं. नळ समोरच होता, पण म्हातारीला उठवत नव्हतं, हे दिसत होतं. तिनं झाकण काढून बाटली पुढे केली. कलाबाई अर्ध्याच्या खाली प्यायली. मग देवकाबाईचा चेहरा बघून तिनं विचारलं, कुठी चाललीस. देवकाबाईनं सगळं सांगितलं. ओळख ना पाळख, पण सांगून टाकलं, आणि सांगता सांगता तिला बरंच मोकळं वाटलं.

कलाबाईनं बाटली उजेडात धरून पाहिली. "हाय ना. एका घोटाचंच तं काम हाय," म्हणाली.

मुलचेऱ्याजवळच्या त्या गावात एसटी पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडी गावाच्या टोकापर्यंत जाऊन वळून येई, तेवढाच परतीचा वेळ. सुबलचं घर रस्त्यालाच होतं. अंगणात तुळस, मागे तळं. अंजना झाडत होती. विहिणीला एकटीला उतरलेली बघून तिच्या हातातला झाडू गळाला, तिला वाटलं काही वाईटसाईट झालं.

"काई नाई, काई नाई," देवकाबाई म्हणाली. "शिउलीशी काम होतं."

शिउली बाहेर आली. सासूला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग तिनं तो आवरला. देवकाबाईनं येताना मनात पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. तिनं बाटली पुढे केली.

"त्या दिवशी तू जातो म्हटलं. मी आली नाई मांगं. आता आली. घरचं पानी हाय. एक घोट पे आन् येतो म्हन. मंग तू इथी राय नाई तं कुठीबी राय."

"मी मुद्दाम म्हटलं होतं," शिउली म्हणाली. "तुम्हाला लागावं म्हणून."

"लागलं," देवकाबाई म्हणाली.

अंजनाला सगळं कळलं नव्हतं, पण तेवढं मराठी तिला येत होतं. तिनं मुलीला आपल्या भाषेत काही विचारलं. शिउली खाली बघत पुटपुटली. आणि मग अंजना अशी कडाडली की तुळशीजवळचं मांजर पळालं. "जाई बोलते नेई!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "जाई बोलते नेई!" देवकाबाईला वाटलं, आपल्यावरच तोफ डागली जाते आहे. तिनं सुबलकडे बघितलं.

सुबल कसनुसा हसला. "ते म्हनते, जातो बोलायचं नसते. आमच्यात पन तेच. घरातून निघताना 'आशि' बोलतात. आशि म्हणजे येतो. ही लहान असताना शाळेत जाताना चुकली, तर आई तिला परत आनून बसवायची. किती वेळा शाळेत मार खाल्ला उशिरासाठी."

देवकाबाई बघतच राहिली. लग्नात हात धरून रडत रडत ही बाई काय सांगत होती, ते तिला आता कळल्यासारखं झालं. माझ्या पोरीला येत-जात राहू दे, एवढंच असणार. दुसरं काय असतं मुलीच्या आईचं?

"मंग तुले तं पयलेपासून मालूम होतं," ती शिउलीला म्हणाली.

"ते आईला म्हणायचं असतं," शिउली म्हणाली. "आपल्या घरातून निघताना." आणि जास्त न बोलता तिनं बाटली घेतली. उघडली नाही. बाटली घेऊन ती आत गेली.

अंजनानं पाट मांडला, चहा आणला, मुरमुरे आणले. देवकाबाईनं चहा प्यायला, पण जीव सगळा आतल्या दाराकडे. पोरीनं पाणी प्यायलं नाही. म्हणजे नाहीच म्हटल्यासारखं. रागावलीस तर रागाव, हे सोसता येतं. घर आपलं वाटलंच नव्हतं, हे कसं सोसायचं? एवढे दिवस आपण तिला शब्द शिकवत बसलो, आणि ते शब्द जिच्यासाठी असतात ती आपण झालोच नाही. देवकाबाईला रडू आलं. विहिणीसमोर रडायचं नाही म्हणून तिनं मुरमुऱ्याचा बकाणा भरला.

"शिउलीले सांगा," ती दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "पुढच्या वर्षी तिच्या शाळेच्या दिवशी मी घरी राह्यतच नाई. पहाटेपासून गाडीच्या समोर उभी राह्यतो. माही सून बसल्याबिगर गाडी हालते कशी ते पायतो."

आतून उत्तर आलं नाही. गावाच्या टोकाला गाडी वळल्याचा आवाज आला, मग भोंगा. शेवटची गाडी होती. सुबल राहा म्हणत होता, अंजना हात सोडत नव्हती. पण देवकाबाईला तिथे आता एक क्षण थांबवेना. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि डोळे पुसत रस्त्याकडे धावत सुटली.

"चाला इहीनबाई, जातो मी. गाडी लागली."

तिचं तिला कळलंही नाही. ज्या बाईनं वरात खाली उतरवली होती, तिच्या तोंडून तो शब्द निघाला आणि ती तशीच पुढे गेली. एसटी समोर येऊन थांबली, कंडक्टरनं दार उघडलं. देवकाबाईनं दांडीला हात घातला आणि पाय पायरीवर ठेवणार, एवढ्यात दारात कुणीतरी आडवं आलं. घरामागून, तळ्याच्या काठानं धावत येऊन, धापा टाकत. शिउली. हातात बाटली.

"काय म्हटलं?" शिउलीनं विचारलं.

"कुठी काय म्हटलं? सर बाजूला, गाडी..."

"जातो म्हटलं. मी आतून ऐकलं."

देवकाबाईचा हात दांडीवरून सुटला. कंडक्टर म्हणाला, बसायचं तर बसा, नाही तर सरका. शिउली हालली नाही. तिनं सासूचं मनगट धरलं, रस्त्यावरून, अंगणातून, उंबऱ्याच्या आत नेलं आणि पाटावर बसवलं. बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. अंजना दारात उभी राहून गाडी जाताना बघत होती आणि समाधानानं मान हलवत होती, जशी सगळी रीत तिच्या मनासारखी चालली होती.

शिउलीनं झाकण काढून बाटली पुढे धरली. देवकाबाई एक घोट प्यायली. प्रवासानं कोमट झालेलं, पण आपल्याच माठातलं पाणी होतं. एवढी माणसं तिनं आयुष्यात परत फिरवली होती. तिला कुणी कधी फिरवलं नव्हतं. ती पदरानं तोंड पुसत राहिली.

उरलेलं पाणी शिउलीनं तोंड वर करून पिऊन टाकलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली तशीच धरली, मग ती उलटी करून सासूला दाखवली.

"पाणी वाढलं, माय," ती म्हणाली. "उद्या घरी गेल्यावर भरू."